चांदीच्या डबीखाली

रविवारी सकाळी निलव्वानं सासूच्या छातीवरची पट्टी सोडली, तेव्हा हाड कालच्यापेक्षा जास्त उघडं पडलेलं तिला दिसलं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून ती कडेकडेनं पुसत राहिली. जखम तळहाताएवढी झाली होती. भोवतीची कातडी तपकिरी, पतंगाच्या कागदासारखी पातळ, आणि तिच्यात लाल दोऱ्यांची जाळी. दाबलं तर लाकूड दाबल्यासारखं लागायचं.

"किती वाढलंय?" अव्वानं विचारलं.

"हाय तेवढंच हाय, आत्ती."

"खोटं बोलताना तुझा हात हलका पडतो, निला."

चन्नम्मा, म्हणजे घरादाराची अव्वा, भिंतीला टेकून बसली होती. डाव्या मुठीत तिनं इष्टलिंगाची चांदीची डबी धरली होती. गळ्यातली ही डबी ती फक्त पट्टी बदलताना बाजूला घ्यायची, तीही मुठीत. पट्टी झाली की डबी पुन्हा छातीवर, नेमकी जखमेवर. पाच वर्षं हे असंच चाललं होतं. आधी नुसती कातडी लाल झाली, मग ओली झाली, मग रुपयाएवढं भोक पडलं.

"आज निपाणीचे मामा यायचे हाईत," निलव्वा म्हणाली.

"ईरानं बोलीवलं आसंल. मला समजवायला व्हय? माझ्या भावाला, त्या चन्नाला, सोताच्या बायकोला समजवायला येत न्हाय."

निलव्वाला हसू आलं आणि लगेच गेलं. परवाच्या मंगळवारी मिरजेला पोहोचायचं होतं. डॉक्टर आठल्यांनी तोच दिवस दिला होता. आणि अव्वा नाही म्हणत होती. रागानं नाही, रडून नाही. भात नको म्हणावं तसं नको म्हणत होती.

"देवानं दिलंय. त्यानंच न्यावं," एवढंच.

*

अव्वाच्या लेकाचं, ईरप्पाचं, लक्ष्मीपुरीत पेंडीचं दुकान होतं. सरकीची, शेंगदाण्याची पेंड, भुसा, चुणी. अर्ध्या शहराच्या म्हशी त्याच्या पोत्यांवर दूध देत होत्या. गिऱ्हाइकाशी बोलताना हा माणूस कुणाच्या बापाला भीत नसे. घरात मात्र काही अवघड झालं की त्याला मामा लागायचा. या घरातले पुरुष संकटात निर्णय घेत नसत, माणसं बोलावत.

उचगावच्या त्यांच्या घरी सोप्यात मामा बसले होते. चन्नाप्पा, अव्वाचा धाकटा भाऊ. धोतराचा सोगा मांडीवर, पुढ्यात चहा.

"डाक्टर म्हणतो काय नक्की?" मामांनी विचारलं.

ईरप्पानं गुरुवारची गोष्ट सांगितली. त्यानं सांगितली ती अर्धीच. आठल्ये मिरजेहून दर गुरुवारी शाहूपुरीत पेशंट बघायला येत. अव्वाला तपासून झाल्यावर ईरप्पानं तिला निलव्वाबरोबर बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, आणि मग डॉक्टरांना म्हणाला होता, आता बोला. त्यावर डॉक्टरांचा आवाज चढला होता.

"त्यांच्यासमोर का नाही?"

"तिला रोगाचं नाव ठाऊक न्हाय, साहेब."

"पाच वर्षं? मुंबईला जाऊन स्तन काढला, पंचवीस दिवस किरणांची लाईट घेतली, आणि कशासाठी ते ठाऊक नाही?"

"गाठ हाय म्हणून सांगितलंय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. "ऑपरेशनच्या कागदावर मला त्यांचा अंगठा लागतो. कशावर अंगठा देतोय हे ज्या माणसाला ठाऊक नाही, त्याच्यावर मी सुरी चालवत नाही. घरी जा आणि सांगा."

हे ईरप्पानं मामांना सांगितलं नाही. तो म्हणाला, "कॅन्सर परत आलेला न्हाय. तुकडा तपासलाय. ही लाईटची जखम हाय. लाईटनं रोग जळाला, पण तिथल्या बारीक रक्ताच्या नळ्याबी जळाल्या. रक्तच पोचत न्हाय म्हणून भरून येत न्हाय. मलम लावा न्हायतर अमृत लावा."

"मग वरनं कातडं लावायचं की. मांडीचं काढून लावत्यात, मी बघिटलंय. साखर कारखान्यात पोरगं भाजलतं त्याला लावलतं."

"तेच इचारलं मी. ते म्हणाले, खाली रक्त नसंल तर वरचं कातडं दोन दिसांत वाळून पडंल. जिवंत मांस त्याच्या रक्तासकट आणाय लागतंय. पोटावरचं कातडं चरबीसकट नळीसारखं वळवायचं, एक टोक पोटालाच ठेवायचं, दुसरं उजव्या मनगटाला शिवायचं. तीन आठवडे हात पोटाशी बांधून. मनगटातनं रक्त सुरू झालं की पोटाकडचं टोक तोडायचं, आणि त्या हातानं ते मांस छातीवर न्यायचं. मेलेलं सगळं कापून, हाडाचा तुकडा काढून, तिथं शिवायचं. पुन्हा तीन आठवडे हात छातीला बांधून."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "आरं, हे माणूस हाय का कलमाचा आंबा?"

"न्हाय केलं तर आतलं हाड कुजंल. त्याच्यामागं फुप्फुस हाय."

"ऐक माझं," मामा पुढं सरकले. "ह्या रोगाला सुरी लागली की तो उधळतो. माझ्या डोळ्यांदेखत दोघं गेलीत. दुसरं, तुझ्या गिरिजाचं लगीन संकेश्वरला जुळत आलंय. सहा आठवडे आजी मिरजेच्या दवाखान्यात म्हटल्यावर ते इचारणार न्हाईत? काय सांगशील? एकदा घरात हा रोग हाय असं झालं की पोरगी घरात ऱ्हायली. आणि तिसरं म्हंजे अक्का सोताच नको म्हणतीया. तिच्या मनाइरुद्ध कशाला?"

म्हाताऱ्या बाईच्या मनाची आठवण घरातल्या लोकांना तिचं मन आपल्या सोयीचं असतं तेव्हाच होते. ईरप्पाला मामांचं बोलणं पटलं नाही, पण ऐकताना बरं वाटलं. आपल्यावरचं कुणीतरी उचलून नेतंय असं वाटलं.

"मी रुद्रय्यांना बी निरोप धाडलाय," मामा म्हणाले. "जंगम येऊन एकदा म्हणाला की देवावर सोडा, म्हंजे कुणाच्या मनाला टोचणी ऱ्हाणार न्हाय."

तेवढ्यात निलव्वा दारात उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात दुमडलेला पिवळट कागद. मामांसमोर ती सतरा वर्षांत तीन वाक्यांच्या वर बोलली नव्हती.

"हे काय हाय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

ईरप्पानं कागद ओळखला.

"कुठं गावला?"

"ट्रंकेत. गिरिजाची पत्रिका काढाय गेलतो, संकेश्वरला धाडायला. तिच्या खाली. डाक्टरांनी गुरवारी इचारलं, मुंबईस्न कागद दिला असणार की, तर तुम्ही न्हाय म्हणालासा."

"नंतर बोलू."

"न्हाय, आत्ताच. मी सातवी पास हाय. वाचतो." आणि तिनं शाळेतल्यासारखा एकेक शब्द सुटा करत वाचला. "कर्करोगाच्या रुग्णांसाठी सूचना. किरण दिलेली जागा जन्मभर जपावी. तिथे घट्ट कपडा, दोरा, दागिना, धातूची वस्तू घासू देऊ नये. ऊन, शेक, तीव्र मलम टाळावे. कातडी लाल झाल्यास किंवा फुटल्यास ताबडतोब दाखवावे."

बाहेर कुणाची तरी म्हैस रेकली.

"धातूची वस्तू," निलव्वा पुन्हा म्हणाली.

"तू रोज पट्टी करतीस," मामा तिच्यावर घसरले. "डबी घासतीया हे तुला दिसलं न्हाय?"

"दिसलं की. बाजूला ठेवा म्हणालो बी. आत्ती म्हणाल्या, ही डबीच मला राखतीया. हा कागद माझ्या हातात असता तर मी पाय धरून, भांडून बाजूला ठेवायला लावली असती. मामा, तुमची भैण तिकडं मरालीया आणि तुम्ही मला हिशेब इचारतासा?"

आपल्याला भाचेसुनेनं असं बोलावं याचा राग मामांना आला होता, पण तिच्या हातातला कागद त्यांच्यापेक्षा मोठा होता.

ईरप्पा जमिनीकडं बघत होता. तो दिवस त्याला चांगला आठवत होता. मुंबईहून परत आल्यावर पिशवीतनं कागद काढला, तर वरच जाड अक्षरांत ते नाव. गिरिजा तेव्हा दहा वर्षांची. वाचायला शिकल्यापासून दिसेल ते मोठ्यानं वाचायची. भडंग बांधून आलेला कागदसुद्धा सोडायची नाही. तिनं हे आजीसमोर वाचलं तर? म्हणून लपवला. नुसतं नाव फाडून टाकून खालच्या ओळी ठेवता आल्या असत्या, हे त्याला दुसऱ्या वर्षी सुचलं. तोवर अव्वाची कातडी लाल झाली होती, आणि आता कागद काढला तर 'आधी का न्हाय काढलास' हा प्रश्न येणार होता. मग तिसरं वर्ष. मग चौथं.

*

रुद्रय्या सायकलवरून आले. सत्तरीचा जंगम, या घराचा गुरू, पण सायकल सोडली नव्हती. कपाळभर भस्म, कॅरेजला छत्री. मामांनी त्यांना सोप्यात थांबवून दोन शब्द सांगायचा प्रयत्न केला, पण आतून अव्वाचाच आवाज आला.

"अय्या, हिकडं या. मला बोलायचंय."

मधल्या खोलीत रुद्रय्या तिच्यासमोर पाटावर बसले. अव्वानं वाकून 'शरणु' म्हणत नमस्कार केला, तेवढ्यानंही छातीत कळ गेली. निलव्वा उठून जायला लागली.

"तू बस," अव्वा म्हणाली. "तुझ्यापासनं ह्या अंगाचं काय लपलंय?"

अव्वानं डबी मुठीतून ओंजळीत घेतली. हे पाच वर्षं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा असता तर त्यालाही सांगितलं नसतं.

"मुंबईला लाईट द्यायच्या आदी ते डबी काढाय लावायचे. मी मुठीत धरायचो. एकोणिसाव्या दिवशी मुठीत बी नको म्हणाले. बाहेर फळीवर ठिवली. बाहेर आलो तवा अंगात बळ न्हवतं, ईरानं धरून टांग्यात घातलं. खोलीवर आलो. चा प्यालो, पाव खाल्लो, झोपलो. सकाळी उठून बघतो तर गळ्यात काय न्हाय."

ती हिशोबात चूक सांगावी तशी सांगत होती.

"लिंग अंगावर नसताना जेवलो, अय्या. रातभर झोपलो. सकाळी जाऊन बघतो तर तिथंच फळीवर हुतं. पण चूक ती चूक. ही जखम बघा, बरोब्बर डबीच्या खाली. दुसरीकडं कुठं न्हाय. हे मला भोगायचंय. म्हणून मी डबी तिथनं हलवत न्हाय, आणि म्हणून दवाखान्यात जाणार न्हाय. चन्नाला सांगा."

निलव्वानं तोंडावर पदर दाबला. पाच वर्षं तिनं ही छाती धुतली होती. तिच्यावर काय बांधून ठेवलंय हे तिला आज कळलं.

रुद्रय्या पाटावर पुढं सरकले.

"काय खाल्लीस म्हणालीस?"

"पाव."

"मुंबईचा पाव. म्हंजे शिक्षा तवाच भोगलीस की." ते हसले, पण अव्वा हसली नाही. मग तेही थांबले. "चन्नम्मा, माझ्या बापाचं लिंग पंचगंगेच्या पुरात गेलं. पोहून आला ते गळा मोकळा. दोन दिवस उपाशी बसला, तिसऱ्या दिवशी गुरूकडनं दुसरं घेतलं आणि जेवला. नव्वद वर्षं जगला. त्याच्या छातीला काय झालं न्हाय."

"मग माझ्याच का? आणि तिथंच का?"

या प्रश्नावर रुद्रय्यांना काहीतरी ठोकून देता आलं असतं. मामांनी त्यांना त्यासाठीच बोलावलं होतं. पूर्वजन्म म्हणता आलं असतं, देवाची परीक्षा म्हणता आलं असतं. असल्या थापांवर कित्येक घरं चालतात. पण म्हातारा खोटं बोलण्यात आळशी होता, आणि निलव्वाच्या हातातला कागद नि ईरप्पाची पडलेली मान त्यानं येतानाच पाहिली होती.

"ते मला ठाऊक न्हाय," ते म्हणाले. "ज्याला ठाऊक हाय त्यो मघाधरनं दाराआड उभा हाय. ईरप्पा, आत ये. उभा ऱ्हाऊन गुडघं दुखतील."

ईरप्पा आत आला. मामा त्याच्या मागं उंबऱ्यापाशी थांबले.

"आदी सांग, तुझं कुठाय?" रुद्रय्यांनी त्याच्या मोकळ्या गळ्याकडं बोट केलं.

"दुकानात खिळ्याला हाय. पेंडीची धूळ बसती म्हणून..."

"व्हय. देवाला दमा व्हायचा."

मामा मागून हलक्या आवाजात म्हणाले, "ईरा, नाव घेऊ नको. बाईमाणूस धसक्यानं जाईल. मी सांगतो तुला."

ईरप्पानं मान वळवून मामांकडं पाहिलं. आयुष्यभर या आवाजाच्या मागं तो उभा राहिला होता. समोर निलव्वा होती, तिच्या डोळ्यांत दयामाया काही नव्हती. तो खाली बसला.

"अव्वा, ती नुस्ती गाठ न्हवती. कॅन्सर हुता."

अव्वानं त्याच्याकडं पाहिलं. हे नाव तिनं ऐकलं होतं. गल्लीतल्या विठाबाईच्या नवऱ्याला घशात होता तेव्हा बायका हा शब्द उच्चारायच्या आधी इकडंतिकडं बघायच्या.

"हुता? का हाय?"

"हुता. आता न्हाय. डाक्टरनं तुकडा काढून तपासलाय. गेला त्यो. पण लाईटनं तिथलं रक्त बंद पडलंय. ती कातडी नाजूक झाली. तिथं काय घासायचं न्हाय, दोरा न्हाय, डबी न्हाय. मुंबईवाल्यांनी कागद दिलता. मी ट्रंकेत लपवला. वर नाव हुतं म्हणून."

"काय लिवलंतं? पुन्यांदा सांग."

"धातूची वस्तू घासू देऊ नये."

अव्वानं डोळे मिटले. मामांना वाटलं गेली. निलव्वाला तसं वाटलं नाही. सासू विचार करताना अशीच डोळे मिटते हे तिला ठाऊक होतं. अव्वा पाच वर्षं मागं जाऊन एकेक दिवस उचलून बघत होती. कातडी पहिल्यांदा चिकटली तो दिवस. तिनं धरलेले निर्जळी सोमवार. मीठ सोडलं ते वर्ष. रात्री कळ आली की मुद्दाम डबी दाबून धरायची, चुकलं रे माझं म्हणत.

डोळे उघडले तेव्हा तिचा आवाज खालीच होता.

"सोमवारी मी पाण्याचा थेंब न घेता बसायचो. आणि तू समोर बसून भाकरी खायचास."

"व्हय, अव्वा."

"एकदा बी तुझा घास अडकला न्हाय?"

अडकला होता, पण गिळला होता. ते सांगण्यासारखं नव्हतं.

"मी देवाला गुन्हेगार धरलं न्हाय, सोताला धरलं," अव्वा म्हणाली. "आणि गुन्हेगार पेंड इकत हुता."

"अक्का, पोरानं तुझ्या भल्यासाठी..." मामा म्हणाले.

"तू गप, चन्ना. तुला बी ठाऊक हुतं?"

मामांनी उंबऱ्याकडं पाहिलं. हे उत्तरच होतं.

"निला, तुला?"

"नाव ठाऊक हुतं, आत्ती. मी बी बोललो न्हाय. कागद मातर आज बघिटला."

अव्वानं मान हलवली. सुनेला माफ केलं की नाही हे त्या हलण्यातून कळलं नाही. मग ती रुद्रय्यांकडं वळली.

"डबी छातीवर न्हाय तर कुठं?"

"दंडाला बांध. डाव्या. कापडात गुंडाळून. शास्तरात हाय, मी पदरचं सांगत न्हाय."

"उजवा हात बांधून ठेवणार म्हणत्यात. पूजा कशी करायची?"

"डाव्या तळव्यावर तू धर. वरनं पाणी, भस्म, बेल दुसऱ्यानं सोडावं. शिवू नये, वरनं सोडावं. आजाऱ्याला चालतंय."

"दुसरं कोण?"

"मी येतो की, आत्ती," निलव्वा म्हणाली. "सहा आठवडे ऱ्हातो. गिरिजा घर बघंल."

"न्हाय. पाच वर्षं तू धुतलीस. बास झालं." अव्वानं ईरप्पाकडं बोट केलं. "ह्यो येणार. ह्यो मला भरवणार. ह्यो येणी घालंल, बसवंल, उठवंल, पूजेला पाणी सोडंल. ज्या कामाला बाई लागती त्याला दवाखान्यातली बाई हाय. बाकीचं ह्यो. तसं असंल तर मंगळवारी मी अंगठा देतो. नसंल तर हितंच बरी हाय."

"आणि दुकान?" मामांच्या तोंडून गेलं.

"म्हशी मरत न्हाईत सहा आठवड्यांत."

"आणि संकेश्वर?"

"संकेश्वरवाल्यांना मीच सांगतो. मला काय झालतं, कसं झालतं. त्यावरबी ज्यांना पोरगी पायजे ते थांबतील. चा पिऊन जा चन्ना, गाडी चुकंल."

मामांनी मदतीसाठी रुद्रय्यांकडं पाहिलं. रुद्रय्या भस्माची पिशवी शोधण्यात गुंतले होते.

*

मिरजेच्या वॉर्डात लोकांना आधी वाटलं, हा गडी कुणीतरी भाड्यानं आणलेला. बाईमाणसाजवळ पुरुष बसतो, वेणी घालतो, चमच्यानं आंबील भरवतो, हे कुणी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या खाटेवरची शालूबाई पहिल्या दिवशी पदराआडून हसली, आठव्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, जरा बघा.

अव्वाचा उजवा हात पट्ट्यांनी पोटाशी जखडलेला होता. पोट आणि मनगट यांच्यामध्ये दोन बोटांएवढी जाड मांसाची नळी. तिच्यातनं अव्वाचं रक्त अव्वाच्याच मनगटात जायचं. छातीवरची जखम तशीच उघडी होती, पण तिच्यावर आता डबी नव्हती. डबीतलं लिंग मऊ कापडात, डाव्या दंडाला.

रोज सकाळी डाव्या तळव्यावर लिंग यायचं आणि ईरप्पा वरून पाणी सोडायचा. त्याच्या गळ्यात आता त्याचंही होतं, दुकानातल्या खिळ्यावरून काढलेलं. पहिल्या आठवड्यात अव्वा त्याच्याशी बोलली ते कामापुरतं. उशी. पाणी. माशी. दुसऱ्या आठवड्यात बोलली ते त्यानं घातलेल्या वेणीबद्दल. "दोर वळालास काय रं?" कागदाचा विषय तिनं काढला नाही आणि त्यानं काढायची हिंमत केली नाही. राग कुठंतरी आत होताच. तिला तो टाकायचा नव्हता, आणि कुणी टाक म्हणावं असा तो नव्हताही.

बाविसाव्या दिवशी दुपारी आठल्ये आले. त्यांनी पोटाकडच्या टोकाला रबराची नळी आवळून बांधली.

"पोटाचं रक्त बंद केलंय," ते अव्वाला म्हणाले, ईरप्पाला नव्हे. ते पहिल्या दिवसापासून तिच्याशीच बोलत. "आता फक्त मनगटाच्या रक्तावर हे जगतंय का बघायचं. गुलाबी राहिलं तर परवा तोडून छातीवर नेतो. काळं पडलं तर थांबायचं. घाई केली तर सगळं मरेल."

"आणि मग?"

"मग पुन्हा नव्यानं. पोटाची दुसरी बाजू."

ते दुसऱ्या वॉर्डात गेले. सिस्टरनं ईरप्पाला सांगितलं, नजर ठेवा, रंग बदलला तर बोलवा. तो स्टूल ओढून बसला. मांसाच्या नळीवरची कातडी गुलाबी होती. पाच मिनिटांनी गुलाबी होती. अव्वाला पडल्या पडल्या तिथलं दिसत नव्हतं. तिला फक्त छत आणि लेकाचं तोंड दिसत होतं.

वीस मिनिटांनी टोकाकडं सावली आल्यासारखी झाली. ईरप्पानं डोळे चोळले. खिडकीतला उजेड असेल. तो बाजूला सरकला. सावली सरकली नाही.

"काय दिसतंय?" अव्वानं विचारलं.

त्याच्या तोंडात उत्तर तयार होतं. हाय तसंच हाय. आयुष्यभर हेच उत्तर तयार असायचं, आणि ते देताना त्याला कधी पाप वाटलं नव्हतं, माया वाटली होती.

"ईरा."

"काळं पडालंय, अव्वा. पोटाकडं."

"किती?"

"माझ्या आंगठ्याएवढं. बाकीचं चांगलं हाय."

अव्वा छताकडं बघत राहिली.

"म्हंजे परवा न्हाय."

"न्हाय. अजून हप्ता तर जाईलच. जास्तबी जाईल."

"आणि समदं मेलं तर?"

"तर पुन्यांदा पहिल्यापासनं."

शालूबाई आपल्या खाटेवरून दोघांकडं टकामका बघत होती. आजाऱ्याशी कुणी असं बोलतं का?

अव्वानं डावा हात उचलून त्याच्या मनगटावर ठेवला. लाड नव्हता त्यात. ढकलायला ठेवावा तसा ठेवला.

"मग बसलास काय? सिस्टरला बोलव जा. पळ."

ईरप्पा उठला आणि वॉर्डभर चपला वाजवत पळाला.